नवा पासपोर्ट, जुने सदस्यत्व : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच अडचणीची आहेत. पासपोर्टची मुदत संपली, नवा पासपोर्ट हाती आला, पण ग्लोबल एंट्री (विमानाने अमेरिकेत येताना झटपट प्रवेशाची सोय) किंवा नेक्सस (अमेरिका-कॅनडा सीमेवरची तशीच सोय) यांसारख्या 'ट्रस्टेड ट्रॅव्हलर', म्हणजे आधीच पडताळणी झालेल्या प्रवाशांच्या, योजनेतले सदस्यत्व जुन्या पासपोर्टच्या आधारावर घेतलेले आहे. आता पुढे काय करायचे? भारतीय नागरिकांना ग्लोबल एंट्री जुलै २०१७ मध्ये खुली झाली. सदस्यत्व पाच वर्षांचे आणि प्रौढ व्यक्तीचा पासपोर्ट दहा वर्षांचा, त्यामुळे या दोन मुदतींचा मेळ क्वचितच बसतो आणि सदस्यत्व चालू असतानाच पासपोर्ट बदलण्याचा प्रसंग बहुतेकांवर कधी ना कधी येतो. म्हणून हे सदर आज या एकाच विषयाला देत आहोत.

प्रश्न : मी भारतीय नागरिक असून एच-१बी व्हिसावर नोकरी करतो. ग्लोबल एंट्रीचे सदस्यत्व अजून दोन वर्षे बाकी आहे. भारतीय पासपोर्टचे नूतनीकरण नुकतेच झाले आणि त्याचा क्रमांक बदलला. व्हिसा मात्र जुन्या पासपोर्टवर आहे. माझे सदस्यत्व रद्द झाले का? पुन्हा शुल्क भरून मुलाखत द्यावी लागेल का?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : सदस्यत्व रद्द झालेले नाही, शुल्क भरायचे नाही आणि केवळ क्रमांक बदलला म्हणून मुलाखतही द्यावी लागत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून लागू असलेले १२० डॉलर हे शुल्क नव्या अर्जाचे आणि नूतनीकरणाचे आहे. नव्या पासपोर्टची नोंद विनाशुल्क होते. या योजनेत पडताळणी होते ती माणसाची. आपली पूर्वपीठिका, बोटांचे ठसे, छायाचित्र आणि मुलाखतीत दिलेली माहिती यांवर सदस्यत्व उभे असते, त्यामुळे पासपोर्ट बदलला तरी आपला नऊ अंकी सदस्य क्रमांक, म्हणजे कार्ड मिळाले असल्यास त्याच्या मागच्या बाजूला छापलेला पास आयडी, तोच राहतो आणि सदस्यत्वाची अंतिम तारीखही तीच राहते. कार्डावर पासपोर्ट क्रमांक छापलेला नसल्याने नवे कार्डही मागवावे लागत नाही.

मग नोंद करायचीच कशाला, असे कुणाच्याही मनात येईल. याचे कारण असे, की सदस्यत्व माणसाचे असले तरी विमानतळावर त्या माणसापर्यंत यंत्रणा पोहोचते ती कागदपत्राच्या वाटेने. विमान सुटण्यापूर्वी विमान कंपनी प्रत्येक प्रवाशाच्या पासपोर्टचा तपशील अमेरिकेच्या कस्टम्स अँड बॉर्डर प्रोटेक्शन, म्हणजे सीबीपी, या खात्याकडे पाठवते. उतरल्यावर ग्लोबल एंट्रीचे यंत्र हल्ली चेहरा पाहूनच काम करते, पण त्या चेहऱ्याची सांगड ज्या नोंदीशी घालायची, त्या नोंदीत पासपोर्ट जुनाच असेल तर यंत्र आपल्याला सदस्य म्हणून न ओळखता अधिकाऱ्याकडे पाठवू शकते. अधिकारी प्रवेश नाकारतो असे नाही. परंतु ज्या सोयीसाठी आपण सारा खटाटोप केला, ती सोय नेमकी सोळा तासांच्या प्रवासानंतर हातची जाते.

नोंद करण्याची रीत अशी आहे. 'ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्रॅम्स' या सीबीपीच्या संकेतस्थळावर लॉगिन डॉट गव्ह या सरकारी खात्यातून प्रवेश करावा. आपल्या सदस्यत्वाचा तपशील जिथे दिसतो, तिथेच 'अपडेट डॉक्युमेंट्स' असा दुवा असतो. तो उघडून नव्या पासपोर्टचा क्रमांक, तो दिल्याची तारीख आणि मुदत संपण्याची तारीख भरावी. चुका होतात त्या इथेच. भारतीय पासपोर्टच्या क्रमांकात एक इंग्रजी अक्षर आणि सात अंक असतात; घाईत शून्याऐवजी ओ हे अक्षर पडते किंवा एक अंक गळतो. अमेरिकेत तारखेत महिना आधी लिहितात आणि भारतीय पासपोर्टवर दिवस आधी असतो, त्यामुळे ५ एप्रिलची ४ मे होते. माहिती साठवल्यावर बाहेर पडून पुन्हा आत यावे आणि पासपोर्ट समोर ठेवून प्रत्येक अक्षर ताडून पाहावे. हे काम दोन मिनिटांचे आहे, पण ते आग्रहाने करावे असे आम्हाला वाटते.

एक सावधगिरीची सूचना इथेच देतो. ही नोंद 'करून देतो' म्हणून पैसे मागणारी खासगी संकेतस्थळे शोधात वरती दिसतात आणि त्यांचे रूप सरकारी संकेतस्थळासारखे असते. पत्त्याचा शेवट डॉट गव्ह असा नसेल, तर तिथे पासपोर्टचा तपशील देऊ नये.

आता व्हिसाबद्दल. जुन्या पासपोर्टवरचा व्हिसा मुदतीत असेल आणि त्याला काही इजा झालेली नसेल, तर तो जुन्या पासपोर्टसह चालतो. प्रवासात दोन्ही पासपोर्ट जवळ बाळगावे लागतात. भारतीय कार्यालय जुना पासपोर्ट रद्द केल्याची खूण करून परत देते, तो जपून ठेवावा. व्हिसावर असलेल्या सर्वांनी आणखी एक गोष्ट पाहणे आवश्यक आहे आणि ती ग्लोबल एंट्रीपेक्षा महत्त्वाची आहे. आपल्या आय-९४ या प्रवेश नोंदीची तारीख काही वेळा पासपोर्टच्या मुदतीपुरतीच दिलेली असते, मग एच-१बीची मंजुरी त्यापुढची का असेना. आधीच्या प्रवासात असे झाले असेल, तर नवा पासपोर्ट आल्याने ती तारीख आपोआप पुढे सरकत नाही. त्या तारखेपूर्वी देशाबाहेर जाऊन नव्या पासपोर्टवर परत येणे किंवा अन्य योग्य मार्गाने ती वाढवून घेणे भाग असते. ग्लोबल एंट्रीतून बाहेर पडणे इतके झटपट होते, की आपल्याला किती मुदत मिळाली हे पाहायचे राहून जाते. म्हणून प्रत्येक प्रवेशानंतर सीबीपीच्या संकेतस्थळावर आपले आय-९४ उघडून तारीख वाचावी आणि पासपोर्ट बदलल्यावर तर ती त्याच दिवशी वाचावी.

प्रश्न : विवाहानंतर मी भारतीय पासपोर्टवर नाव बदलून घेतले. ग्लोबल एंट्री माहेरच्या नावावर आहे. ऑनलाइन नोंद करताना नवे नाव भरले तर चालेल का?
— एक वाचिका, टेक्सास

उत्तर : नाही. पासपोर्टचा क्रमांक बदलणे आणि पासपोर्टवरचे नाव बदलणे या सीबीपीच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्रमांक घरबसल्या बदलता येतो. नाव बदलले असेल तर नोंदणी केंद्रात स्वतः जावे लागते. अशी केंद्रे प्रामुख्याने मोठ्या आंतरराष्ट्रीय विमानतळांवर असतात. प्रत्येक केंद्राच्या वेळा आणि पद्धती सारख्या नसतात, म्हणून निघण्यापूर्वी त्या केंद्राची माहिती संकेतस्थळावर पाहावी. सोबत नवा पासपोर्ट, जुना पासपोर्ट, विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र, ग्लोबल एंट्रीचे कार्ड आणि व्हिसा किंवा ग्रीन कार्ड, जे असेल ते न्यावे. विवाह प्रमाणपत्र मराठीत असेल, तर त्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतरही जवळ असावे.

आपल्याकडच्या नावांच्या पद्धतीमुळे हा प्रश्न दिसतो त्याहून गुंतागुंतीचा होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. भारतीय पासपोर्टवर नावाचे दोनच रकाने असतात, आडनाव आणि दिलेले नाव. आपण स्वतःच्या नावापुढे वडिलांचे नाव लावतो आणि ते दिलेल्या नावाच्या रकान्यात जाऊन बसते. विवाहानंतर त्या जागी पतीचे नाव येते, आडनाव बदलते आणि काही घरांत वधूचे स्वतःचे नावही बदलले जाते. म्हणजे आपल्या दृष्टीने ती एकच स्त्री असली, तरी अमेरिकी नोंदींच्या दृष्टीने नावाच्या तीन भागांपैकी दोन किंवा तिन्ही भाग बदललेले असतात. अशा वेळी 'फक्त आडनावच बदलले आहे' असे समजून मधले नाव जुनेच ठेवले, तर नाव ना जुन्या पासपोर्टशी जुळते ना नव्याशी. केंद्रात गेल्यावर अधिकाऱ्याने भरलेले नाव पासपोर्टवरील छापील नावाशी अक्षरशः जुळते का, हे तिथेच पडद्यावर दाखवण्याची विनंती करावी; त्यात संकोच मानू नये.

याउलट, पुष्कळ जणी विवाहानंतर स्वतःचे नाव तसेच ठेवून पासपोर्टवर केवळ जोडीदाराच्या नावाची नोंद करून घेतात. पासपोर्ट त्यासाठीही नव्याने मिळतो आणि त्याचा क्रमांक बदलतो, परंतु धारकाचे नाव बदललेले नसते. त्यांनी वरच्या उत्तरातली ऑनलाइन नोंद केली की पुरे.

आणखी एक प्रकार आहे. जुन्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोरा राहून संपूर्ण नाव एकाच रकान्यात छापले गेले असेल, तर अमेरिकी व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे पहिले नाव अज्ञात) अशी अक्षरे येतात आणि संपूर्ण नावच आडनाव म्हणून नोंदले जाते. नवा पासपोर्ट घेताना असे वाचक नाव आणि आडनाव योग्य रकान्यांत वेगळे करून घेतात, ते योग्यच आहे. पण त्यामुळे नावाची मांडणी बदलते, म्हणून तोही नावातलाच बदल मानून केंद्रात जावे.

केंद्रात जाणे होईपर्यंत प्रवास करावा लागला, तर तिकीट पासपोर्टवर छापलेल्या नावानेच काढावे. सदस्य क्रमांक घातला तरी नाव जुळत नसल्याने बोर्डिंग पासवर टीएसए प्रीचेकची, म्हणजे विमानतळावरच्या जलद सुरक्षा तपासणीची, खूण बहुधा येणार नाही; ती यावी म्हणून तिकीट जुन्या नावाने काढण्याचा मोह कटाक्षाने टाळावा.

प्रश्न : आमच्या दोन मुलांचे पासपोर्ट बदलले. आमच्या खात्यातून त्यांचीही नोंद करता येईल का?
— एक वाचक, कॅलिफोर्निया

उत्तर : येणार नाही. प्रत्येक मुलाचे सदस्यत्व स्वतंत्र असते आणि त्याचे खातेही स्वतंत्र असते. लॉगिन डॉट गव्हवर एका ईमेल पत्त्यावर एकच खाते चालते, म्हणून मुलांची सदस्यत्वे घेताना त्यांच्यासाठी वेगळे पत्ते उघडले असतील, ते आठवून त्यांतूनच आत जावे लागेल. आमच्याकडे आलेल्या पत्रांवरून असे दिसते, की अडचण पासपोर्टची नसून तो विसरलेला पत्ता आणि परवलीचा शब्द हीच असते. हे तपशील घरात एका सुरक्षित जागी लिहून ठेवावेत.

मुलांच्या बाबतीत हा प्रसंग मोठ्यांपेक्षा लवकर येतो. सोळा वर्षांखालील मुलांना अमेरिकी पासपोर्ट पाचच वर्षांचा मिळतो आणि भारतीय पासपोर्टही लहान मुलांना साधारणपणे पाच वर्षांचा किंवा वयाची अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंतचा मिळतो. सदस्यत्वही पाच वर्षांचेच असल्याने दोन्ही एकाच दिवशी सुरू झाली नसतील, तर त्या काळात मुलाचा पासपोर्ट एकदा बदलणार हे ठरलेलेच आहे. आईवडिलांनी आपली नोंद केली आणि मुलांची राहिली, तर संपूर्ण कुटुंबाला मुलांबरोबर साध्या रांगेत उभे राहावे लागते, कारण सदस्य पालकांमागून सदस्य नसलेले मूल ग्लोबल एंट्रीतून जाऊ शकत नाही. ज्यांची मुले अजून सदस्य नाहीत त्यांच्या माहितीसाठी : पालक सदस्य असतील किंवा सोबतच अर्ज करत असतील, तर अठरा वर्षांखालील मुलांना ऑक्टोबर २०२४ पासून शुल्क पडत नाही.

प्रश्न : मी ग्रीन कार्डधारक म्हणून सदस्य झालो होतो. आता अमेरिकी नागरिकत्व मिळाले आणि अमेरिकी पासपोर्टही आला. जुन्या भारतीय पासपोर्टच्या जागी नवा क्रमांक टाकला की झाले का?
— एक वाचक, इलिनॉय

उत्तर : नवीन नागरिकत्वाबद्दल अभिनंदन. परंतु इथे केवळ पासपोर्ट बदललेला नाही, तर नागरिकत्व बदलले आहे, आणि तो बदल नोंदणी केंद्रात प्रत्यक्ष जाऊनच नोंदवावा लागतो. नवा अमेरिकी पासपोर्ट आणि नागरिकत्वाचे प्रमाणपत्र सोबत न्यावे. शपथविधीत ग्रीन कार्ड जमा केलेले असते, त्यामुळे आपल्या नोंदीत ज्या कार्डाचा आधार आहे ते कार्डच आता अस्तित्वात नाही. म्हणून पुढचा परदेश प्रवास ठरवण्यापूर्वीच केंद्रात जाऊन यावे. नागरिकत्व घेताना नावही बदलून घेतले असेल, तर दोन्ही बदल एकाच फेरीत होतात. व्हिसावरून ग्रीन कार्डवर आलेल्यांची वैधानिक स्थिती बदललेली असते, त्यांनाही हेच लागू आहे.

भारतीय कायद्यात दुहेरी नागरिकत्वाला स्थान नसल्याने भारतीय पासपोर्ट वापरणे थांबवून तो विधिवत रद्द करून घ्यावा आणि नागरिकत्व त्यागाचे प्रमाणपत्र मिळवावे, हे आपल्याला ठाऊक असेलच. ते काम भारतीय वकिलातीकडचे आहे. त्याचा ग्लोबल एंट्रीच्या नोंदीशी संबंध नाही आणि एकासाठी दुसरे अडवून ठेवू नये.

प्रश्न : पासपोर्टची नोंद झाली. विमान कंपनीला वेगळे कळवावे लागते का?
— एक वाचिका, जॉर्जिया

उत्तर : होय. सीबीपीकडे केलेली नोंद विमान कंपन्यांकडे जात नाही. आपल्या प्रत्येक विमान कंपनीच्या खात्यात पासपोर्टचा तपशील साठवलेला असतो आणि पुढच्या तिकिटात तो आपोआप उतरतो, त्यामुळे जुना क्रमांक महिनोन्महिने तसाच वापरला जातो. खाते दुरुस्त करावे आणि आधीच काढलेली तिकिटेही उघडून पाहावीत, कारण खात्यातला बदल त्या तिकिटांत बहुधा उतरत नाही. 'नोन ट्रॅव्हलर नंबर'च्या रकान्यात मात्र काही बदलायचे नाही; तिथला नऊ अंकी सदस्य क्रमांक तोच राहतो.

प्रश्न : भारतातल्या विमानतळांवरही आता अशीच योजना आहे. अमेरिकेत नोंद केली तर ती तिथे चालते का?
— एक वाचक, वॉशिंग्टन राज्य

उत्तर : चालत नाही. भारताच्या गृह मंत्रालयाची 'फास्ट ट्रॅक इमिग्रेशन – ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्रॅम' ही योजना २२ जून २०२४ रोजी दिल्ली विमानतळावर सुरू झाली आणि जानेवारी २०२५ मध्ये मुंबईसह आणखी सात विमानतळांवर आली. ती भारतीय नागरिकांसाठी आणि ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, म्हणजे मुख्यतः भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) कार्डधारकांसाठी आहे. नाव मिळतेजुळते असले तरी ग्लोबल एंट्रीशी तिचा काही संबंध नाही. महत्त्वाचा फरक हा, की तिथली नोंदणी पाच वर्षे किंवा पासपोर्टची मुदत, यांपैकी जे आधी संपेल तिथपर्यंतच टिकते. त्यामुळे पासपोर्टची थोडीच मुदत उरलेली असताना तिथे नोंदणी करण्यापेक्षा आधी पासपोर्ट नवा करून घेणे शहाणपणाचे.

ओसीआय कार्डधारकांना नवा पासपोर्ट आल्यावर आणखी एक काम असते. वयाची वीस वर्षे पूर्ण होईपर्यंत प्रत्येक नव्या पासपोर्टनंतर आणि पन्नास वर्षे पूर्ण झाल्यावर एकदा, नव्या पासपोर्टची प्रत आणि ताजे छायाचित्र ओसीआयच्या संकेतस्थळावर चढवावे लागते. पासपोर्ट मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत हे करायचे असते आणि त्याला शुल्क नाही. वीस वर्षांच्या आत ज्यांना ओसीआय मिळाले, त्यांना वीस पूर्ण झाल्यानंतरच्या पहिल्या पासपोर्टवर कार्डही एकदा नव्याने घ्यावे लागते.

प्रश्न : माझ्या सदस्यत्वाची मुदत आठ महिन्यांत संपते आणि नवा पासपोर्ट चार दिवसांपूर्वी आला. पुढच्या आठवड्यात भारतात जायचे आहे. आता नोंद करावी, की थेट नूतनीकरणाच्या अर्जातच नवा पासपोर्ट दाखवावा?
— एक वाचिका, मॅसॅच्युसेट्स

उत्तर : दोन्ही करावे आणि नोंद आधी करावी, शक्यतो आजच. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून भरता येतो, म्हणजे आपण त्या काळात आहात; मात्र तो अर्ज मंजूर व्हायला किती काळ लागेल हे आपल्या हातात नाही आणि पुढच्या आठवड्यात यंत्राला ओळख पटवायची आहे ती चालू सदस्यत्वाची. पासपोर्टची नोंद पूर्ण झाल्यावर लगेच नूतनीकरणाचा अर्ज भरावा. मुदत संपण्यापूर्वी अर्ज केलेला असल्यास, निर्णय येईपर्यंत सदस्यत्वाचे लाभ मुदतीनंतरही २४ महिन्यांपर्यंत चालू राहतात.

एवढे करूनही परतताना यंत्राने आपल्याला अधिकाऱ्याकडे पाठवले, तर गडबडून जाऊ नये. नवा पासपोर्ट, जुना पासपोर्ट आणि ग्लोबल एंट्रीचे कार्ड असे तिन्ही हाताशी ठेवावे, पासपोर्ट नुकताच बदलला आहे आणि त्याची नोंद कोणत्या तारखेला केली आहे, एवढे शांतपणे सांगावे. घरी पोहोचल्यावर खाते उघडून नव्या पासपोर्टचा क्रमांक बरोबर पडला आहे का ते पुन्हा पाहावे. तो बरोबर असूनही पुढच्या प्रवासात तसेच घडले, तर एकदा नोंदणी केंद्रात जाऊन नोंद तपासून घ्यावी.